दोन अक्षरं

लाइपझिगच्या कुठल्याशा दातांच्या दवाखान्यातून
अकरा संगणक आले नारिनच्या शाळेत,
मार्चमध्ये, पिठाच्या गाडीतून, पोत्यांना टेकून.
पहिला उघडला तर पंख्यावर पांढरी पूड.
पीठ, की कुणाचे दात?
सायकाल एकटीच हसली.
तोक्तोसुन-अबा स्क्रू मोजत होते.

अबा मूळचे रेडिओवाले. चाळीस उन्हाळे
वरच्या कुरणांवर मेंढपाळांचे रेडिओ जुळवले.
स्टेशन असतं तिथंच असतं, म्हणायचे,
काटा आपला हलवायचा.

इथं काटा हलेना.
यादीत सात-आठ नावं, प्रत्येकाचं वजन भारी.
एक निवडलं की दोन रात्री गेल्याच:
नेट पोस्टमास्तरणीच्या घरचं, अकरानंतर फुकट,
तेही मॉस्कोहून तिच्या मुलाचा फोन आला नाही तर.

चौसष्ट-बिटच्या फाईलीवर लिहिलेलं एएमडी.
डब्यांवरची चिकटपट्टी म्हणते इंटेल.
"दुसऱ्याच्या मापाचा जोडा," अबा म्हणाले, "नको."
सायकालला ठाऊक होतं, ते नुसतं आडनाव आहे,
ज्यानं आधी पायवाट पाडली त्याचं;
मागून आलेल्यांनाही तेच चिकटतं.
पण नववीतल्या मुलीनं किती बोलायचं.
आणि जुन्या विंडोजवर तर स्वच्छ होतं: बत्तीस.
सोळा वर्षं बत्तीस.
मग बत्तीसच घेऊ. हात राखून.

बत्तीस चढली. चाललीही,
चढावर थांबून मागे बघणाऱ्या घोड्यासारखी.
नवा ब्राउझर मागितला तेव्हा कळलं
की या घरासाठी तो आता कुणी बनवत नाही.

तेव्हा सायकालनं काळ्या खिडकीत
प्रोसेसरलाच विचारलं.
पट्टीला नाही, आधीच्या मालकाला नाही.
आधीच विचारायचं असतं हे,
पण सुचतं ते असं, दोन रात्री घालवून.

उत्तर म्हणून अक्षरांची ही लांब रांग,
आणि रांगेत, कुणाच्या तरी कोपराआड उभी,
दोन: एल, एम.
लाँग मोड.
म्हणजे, येतं मला चौसष्ट.
पहिल्या दिवसापासून येतं.
दाढा कधी काढायच्या ते नोंदवत बसलो,
कुणी विचारलं नाही.

अबा चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.
मग म्हणाले, मला मोर्स येतं.
मिनिटाला बावीस शब्द.
लष्करातून सुटल्यापासून कुणाला लागलं नाही.
आणि टेबलावर बोटानं काहीतरी वाजवलं.
"काय सांगितलंत?"
"चहा."

पुन्हा दोन रात्री.
मॉस्कोचा फोन मध्ये आला, म्हणून तीन.
दहा संगणकांनी एएमडी मुकाट घेतलं,
जणू कधीपासून ताटावर बसून होते.

सातव्यानं नाही.
त्याच्या रांगेत ती दोन अक्षरं नव्हतीच;
सायकालनं तीनदा बघितलं, बोट ठेवून.
पडद्यावर एकच ओळ: हवा होता चौसष्ट,
सापडला आय-सहाशे-शहाऐंशी.
राग नाही, दिलगिरी नाही. आहे ते आहे.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, भंगारात.

तोक्तोसुन म्हणजे थांबू दे.
तीन लेकरं गेल्यावर चौथ्याला आईनं ठेवलेलं नाव;
नारिनमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
सातवा काखेत मारला, टोपी घातली.
सायकालनं पहिला पेनड्राइव्ह अजून पुसला नव्हता,
वाया गेलेल्या दोन रात्रींचा.
तो तिनं त्यांच्या खिशात टाकला.

दारात थांबून अबांनी नखानं जुनी पट्टी खरवडली,
कागदाचा तुकडा चिकटवला
आणि पेन्सिलीनं लिहिलं, जरा मोठंच: ३२.
पुढच्याला कळायला हवं, म्हणाले.